ओट्सचे मोदक कुणासाठी?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही दिवस एकच वाद. भाचा म्हणतो यंदा गणपतीला उकडीचे मोदक बंद, गूळ म्हणजे साखरच, खोबऱ्यात सॅच्युरेटेड फॅट, तर ओट्स-खजुराचे करूया. मी इथून, नेदरलँड्समधून लिहिलं, बाप्पाची शुगर तपासलीस का? तर उत्तर आलं, "आत्या, तू तिथे बसून बोलू नकोस, इथे घरात तिघांना डायबेटिस आहे."

त्याचं चूक नाहीये, तेच तर डोक्यात जातं. गूळ बहुतांश साखरच असतो, आणि खोबरेल तेलात ८० टक्क्यांहून जास्त सॅच्युरेटेड फॅट असतं, मान्य. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांखाली ठेवा, म्हणजे २००० कॅलरी खाणाऱ्याला साधारण ५० ग्रॅम. पण मोदक वर्षातून किती दिवस खातो आपण? हाच मुलगा रोज संध्याकाळी चहात दोन चमचे साखर घालून क्रीमची बिस्किटं बुडवतो, त्यावर ग्रुपवर चर्चा नाही. आणि खजूर काय कडू असतो?

आमच्या मालवणकडचं सणाचं खाणं मुळात इतकं तेलकट नव्हतंच हो. ऋषिपंचमीच्या भाजीत अळू, माठ, शिराळं, सुरण, मक्याची कणसं, तेल नावाला. गौरीला घावन-घाटलं. चावदिसाला, म्हणजे नरकचतुर्दशीला, पहाटे कारीट फोडायचं आणि मग नव्या भाताचे पोहे, गोडे, ताकातले, बटाट्याचे, घरोघर जाऊन थोडे थोडे खायचे. आणि मोदक नैवेद्याला २१ असले तरी घरात माणसं किती! शेजारी ताट जायचं, रात्री भजनाची मंडळी यायची (त्यांना काळ्या वाटाण्याची उसळ-पाव लागायचाच), वाट्याला दोन आले तरी नशीब. माप ठेवायला ॲप लागत नव्हतं, पंगतच माप ठेवायची.

इथे उट्रेख्टमध्ये ऑगस्ट संपत नाही तोच दुकानात पेपरनोटन (मसाल्याची छोटी गोड बिस्किटं) येतात, ती ज्या सणाची तो सिंटरक्लास असतो डिसेंबरात. तरी लोक तुटून पडत नाहीत. ऑफिसात कॉफीबरोबर एक बिस्किट घेतात, डबा बंद, सायकलवर घरी. थर्टीफर्स्टला मात्र ओलीबोलन, म्हणजे तळलेले गोड गोळे, पिठीसाखर उडवत मनसोक्त खातात आणि कुणी तो क्विनोआचा करूया म्हणत नाही. शिका जरा, असं लिहिणार होते ग्रुपवर.

नाही लिहिलं. कारण मागच्या वर्षी मी हट्टाने २१ केले, टोकोतलं (इथलं आशियाई किराणा दुकान) फ्रोझन खोबरं, हळदीचं पान कुठून आणणार. खालच्या आजींनी एक घेतला, छान आहे म्हणाल्या, दुसरा नको. उरलेले फ्रीजरमध्ये, आणि मी पुढचे जवळजवळ तीन आठवडे रोज रात्री ओट्याशी उभी राहून एकेक मायक्रोवेव्ह करून खाल्ले. पथ्य पाळायला लावणारं कुणी नाही, वाटून घ्यायलाही नाही. "तिथे बसून" हे त्याने उगाच म्हटलेलं नाही, आणि ते लागलं ते त्यामुळेच.

काल वहिनीने वाद मिटवला. नैवेद्याला उकडीचेच, शुगरवाल्यांना एकेक, ज्याला ओट्सचे हवेत त्याने स्वतः वळावेत. सगळ्यांनी अंगठे दिले. हेच मी सुचवलं असतं तर आत्या मधे पडते झालं असतं.