शाळा दत्तक घ्यायचीय? मार्च येऊ द्या

तुमची कंपनी नवी मुंबईत ऐरोलीच्या आयटी पार्कात असो नाहीतर महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीत, जवळपास पालिकेची शाळा असणारच. ती दत्तक घ्या. मात्र घाई नको. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करा, असं कंपनी कायद्याचं कलम 135 मोठ्या कंपन्यांना 2014 पासून सांगतंय. हे एप्रिलमध्ये आठवून उपयोग नाही. मार्चमध्ये हिशेब जुळेनासा झाला, की शिक्षणाची तळमळ आपोआप दाटून येते.

सुरुवात रंगापासून करा. वार्षिक परीक्षा तोंडावर असेल, तर मुलांना व्हरांड्यात बसवा, रंगाऱ्याला वर्गात. भिंतीवर रेल्वेचा डबा हवाच. बाराखडीही काढा, पण तुमच्या बोधचिन्हापेक्षा मोठी नको. कर्मचाऱ्यांना एक दिवस ब्रश देऊन आणा, टीशर्ट आदल्या रात्रीच वाटून ठेवा. दुसऱ्या दिवशी खरा रंगारी येऊन सगळं नीट करतो, त्याची मजुरी वेगळी दाखवा.

मग स्मार्ट बोर्ड. फीत कापायला नगरसेवक, आमदार आणि तुमचे व्हाइस प्रेसिडेंट असे तिघं असतील, तर कात्र्याही तीन घ्या. एका कात्रीवरून पुढची सगळी भागीदारी फिस्कटू शकते. बोर्ड बिघडला की कोणाला फोन करायचा, हे मुख्याध्यापिकाबाई विचारतील. त्यांना वॉरंटी कार्ड द्या. ते कपाटात राहतं. पुढे बोर्डही तिथेच राहतो.

बाई आणखी एक गोष्ट विचारतील, त्यासाठी आधीच तयारी करून जा. म्हणतील, ‘साहेब, बोर्ड राहू दे, एक शिक्षिका मिळेल का? आमचे दोन जण निवडणुकीच्या कामाला गेलेत, चौथीतल्या निम्म्या पोरांना जोडाक्षरं येत नाहीत.’ अशा वेळी गंभीर चेहऱ्याने सांगायचं की पगारासारखा आवर्ती खर्च आमच्या धोरणात बसत नाही. शिक्षिकेला फीत बांधता येत नाही, हे मनात ठेवायचं.

शाळा व्यवस्थापन समिती नावाची एक अडचण असते. शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला घातल्यात, शिवाय शाळेचा विकास आराखडा करण्याचं कामही तिलाच दिलंय. तो आराखडा मागू नका. चुकून मिळाला, तर वाचू नका. त्यात ‘मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी’ असल्या बाबी निघतात. कडीचं उद्घाटन करायला कोण येणार? त्यापेक्षा बैठक सकाळी अकराला ठेवा. तुर्भे स्टोअर आणि दिघ्यातले पालक तेव्हा नाक्यावर, कंपनीत नाहीतर धुण्याभांड्याच्या कामावर असतात. कोरम नाही, विरोधही नाही. इतिवृत्तात ‘लोकसहभाग लाभला’ असं लिहायला सांगा.

खाडीपलीकडच्या वाईट उदाहरणांपासूनही जपा. 2001 ते 2003 मध्ये मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा प्रयोग झाला. आसपासच्याच शिकलेल्या मुली मागे पडलेल्या पोरांना रोज दोनेक तास बाजूला घेऊन बसायच्या आणि वाचन, आकडेमोड पक्की करून घ्यायच्या. संशोधकांनी रीतसर तुलना केली, तर मुलं खरोखर सुधारलेली निघाली. पण फोटोत काय दिसणार? जमिनीवर बसलेली एक मुलगी आणि समोर पंधरा-वीस पोरं. मागे बॅनरही नाही.

ठाण्यात तर तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली 2016 पासून सिग्नल शाळा आहे. संस्था आणि महापालिका यांनी मिळून कंटेनरमध्ये वर्ग भरवले. सिग्नलवर वस्तू विकणारी मुलं तिथे शिकली, दहावीही झाली. हा मार्ग धरलात तर फसाल. त्यात माणसांना वर्षानुवर्षं रोज यावं लागतं. (कार्यक्रमाला येणं वेगळं, शाळेत येणं वेगळं. दुसऱ्याला पैसे मंजूर होत नाहीत.)

सोसायटीवाल्यांनीही मागे राहू नये. सीवूड्स-नेरूळकडे दिवाळीची साफसफाई आणि विद्यादान एकाच दिवशी उरकतं. जेईईचे जाडजूड गाइड, इंग्रजी कॉफीटेबल पुस्तकं, झाकण हरवलेले डबे, सगळं टेम्पोत भरून ‘आमच्याकडून छोटीशी भेट’ असं म्हणत दुसरीच्या वर्गात उतरवा. रद्दीवाला भाव पाडतो, शाळा पाडत नाही. बाई हात जोडून आभार मानतात आणि पावतीही देतात. फक्त तुमची मुलं त्या शाळेत का नाहीत, हा प्रश्न तेवढा कोणी काढू नये.

आता पाटी. राज्य सरकारच्या सप्टेंबर 2023 च्या शाळा दत्तक योजनेत देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडायची सोय आहे. अ आणि ब वर्गाच्या, म्हणजे मोठ्या, महापालिकांत 2 कोटींत 5 वर्षं, 3 कोटींत 10. म्हणजे पुढची पाच वर्षं निम्म्या दरात. रोख रक्कम मात्र चालत नाही, वस्तू आणि सेवाच द्यायच्या, तेव्हा पुन्हा रंगाऱ्याला बोलवा. प्रकल्प कोटीच्या वरचा आणि कंपनी पुरेशी मोठी असेल, तर त्रयस्थाकडून परिणामांचं मूल्यमापनही करून घ्यावं लागतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. किती भिंती रंगल्या ते मोजायला सांगा. 5 वर्षांचा पर्याय घेतलात, तर आज पहिलीत असलेलं पोर पाचवी उरकून बाहेर पडेल, त्याच सुमारास तुमची पाटी उतरेल. उतरवण्याआधी ती त्याला वाचायला लावा. वाचता आली, तर अहवालात तेवढी ओळ घालून घ्या.