रेशनच्या तांदळातले ‘प्लास्टिकचे दाणे’

‘रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळलंय’ हा मेसेज पुन्हा ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. पुरावे चार: काही दाणे पाण्यावर तरंगतात, पेटवले तर जळतात, भाताचा गोळा आपटला की उसळतो आणि तांदळात ‘पॉलिमर’ असतं.

शेवटचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खरा आहे. तांदळात पॉलिमर असतंच. ज्वारीत असतं, बटाट्यातही असतं. लहान रेणू, म्हणजे एकवारिकं, एकमेकांना जोडली जाऊन जो लांबलचक रेणू तयार होतो तो पॉलिमर, शाळेच्या पुस्तकातलं बहुवारिक. तांदळातल्या स्टार्चचं, म्हणजे पिष्टाचं, एकवारिक ग्लुकोज. ग्लुकोजच्या प्रत्येक जोडणीमागे हिशेबाने पाण्याचा एक रेणू कमी होतो. पिशवीतल्या पॉलिथिनचं एकवारिक मात्र इथिलीन हा वायू. त्याच्या दोन कार्बनमधला दुहेरी बंध उघडतो आणि रेणू थेट शेजारच्या रेणूला जोडला जातो, बाहेर काहीच पडत नाही. ही साखळी नुसत्या कार्बन-कार्बन बंधांची. स्टार्चच्या सांध्यात पाणी परत घालून तो सोडवणारं अमायलेज हे विकर आपल्या लाळेतच असतं, म्हणून भात बराच वेळ चावला की गोडसर लागतो. पॉलिथिनची साखळी तोडणारं आपल्या पोटात काहीही नाही. तेव्हा कोणी ‘पॉलिमर सापडलं’ म्हणालं, तर कुठल्या एकवारिकाचं, एवढंच विचारा.

आता तरंगणारे दाणे. ते वेगळे आहेत हे लोकांनी बरोबर ओळखलंय. ते पोषणासाठी मुद्दाम मिसळलेले ‘फोर्टिफाइड’ दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 जीवनसत्त्व घालून ते मळतात, यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात आणि वाळवतात. साधारण 100 किलो तांदळात असे 1 किलो दाणे मिसळतात. ते साध्या दाण्याइतके घट्ट नसतात, म्हणून वर येतात. आणि तरंगणं ही प्लास्टिकची खूण नव्हेच: पॉलिथिन तरंगतं, पाइपांचं पीव्हीसी हे प्लास्टिक बुडतं.

जळण्याचं म्हणाल तर स्टार्च जळणारच. त्याचा कोळसा होतो, करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. पॉलिथिन आधी वितळतं, थेंबाथेंबाने गळतं. गोळा उसळतो तो शिजलेल्या स्टार्चच्या चिकट, लवचिक गुणामुळे.

मेसेजमध्ये सोयीस्करपणे गाळलेली गोष्ट म्हणजे हे दाणे शिजतात. गरम पाणी स्टार्चमध्ये शिरतं आणि दाणा फुगून मऊ होतो. पॉलिथिन तासभर उकळा, पाणी पिणार नाही. तरीही शंका असेल तर संशयित दाणे वेगळे शिजवून पूर्ण थंड करा आणि त्यावर पाण्यात पातळ केलेल्या बेटाडिनचा, म्हणजे जखमेवर लावायच्या आयोडीनच्या औषधाचा, थेंब टाका. निळा-काळा रंग आला, तर ते स्टार्च. पॉलिथिनवर हा रंग येत नाही. तपासलेले दाणे मात्र खाऊ नका.

लोह घातलेला तांदूळ सरसकट सगळ्यांना द्यावा का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच तो खावा. हा वाद जरूर घालावा, पण तो लोहाबद्दल आहे, प्लास्टिकबद्दल नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतो तो मेसेजच्या शेवटचा सल्ला: वर आलेले दाणे काढून फेकून द्या. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून जास्त महिलांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्यांच्यासाठी घातलेलं लोह नेमकं त्याच दाण्यांत असतं.