बैठकीचा प्रश्न

प्रस्तरारोहणाचे सामान विकत घेताना एक मोठा दिलासा असतो, तो म्हणजे त्यातली प्रत्येक वस्तू आपली ताकद आपणच सांगते. कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या, अंगावर तो किती किलोन्यूटन भार पेलेल हे कोरलेले असते, दोराबरोबर येणाऱ्या कागदावर त्याची जाडी, लांबी आणि तो पडणाऱ्या माणसाचे किती झटके सोसेल याचे आकडे असतात, आणि हार्नेसला, म्हणजे कंबर आणि मांड्यांभोवती बांधायच्या पट्ट्यांना, शिवलेली सूचनांची पट्टी तर इतकी लांब असते की ती वाचता वाचता पायथ्याची न्याहारी उरकते. पँटवर मात्र कमरेचा घेर आणि किंमत एवढेच छापलेले असते आणि त्यांपैकी फक्त किंमत खरी निघते. वास्तविक कातळाशी सर्वाधिक घसट होते ती पँटचीच. दोर कातळाला अधूनमधून टेकतो, पँट सतत टेकलेली असते. शिवाय दोराने दगा दिला तर माणसाविषयी चार चांगले शब्द तरी बोलले जातात, पँटने दगा दिला तर गटातील लोक वर्षानुवर्षे हसतात.

आमच्या खान्देशात हा प्रश्न जरा जास्तच बिकट आहे, कारण आमचा कातळ. तो बसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचत गेलेल्या लाव्ह्याचा. लाव्हा थंड होताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या, त्यांतल्या काहींत झिओलाइटसारखी खनिजे भरली, आणि ज्या रिकाम्या राहिल्या व पुढे उन्हापावसाने उघड्या पडल्या त्यांच्या कडा किसणीसारख्या झाल्या. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावर पायवाटेने जाऊन फोटो काढून परतणाऱ्याला याची कल्पना येत नाही. पाटणादेवीजवळच्या कण्हेरगडाच्या अंगाखांद्यावर एखादा कातळटप्पा खेळून पाहिला, किंवा खान्देशच्या उंबरठ्यावरच्या मनमाडच्या हडबीची शेंडी या सुळक्याकडे नुसते लोभाने पाहून शेजारच्या लहान कातळावर सराव केला, की संध्याकाळी पँट स्वतःच सारा वृत्तांत सांगते.

पँट तीन ठिकाणी जाते. पहिली आणि सर्वांत मानहानीची जागा म्हणजे बैठक. माणूस डोंगर पायांनी चढतो आणि पायांनीच उतरतो, असे भूगोलाच्या पुस्तकाला वाटत असावे. घसाऱ्यावरून उतरणारा अनुभवी माणूस मात्र दोन पावलांनंतर सरळ खाली बसतो आणि उरलेला उतार बैठकीच्या भरवशावर पार करतो. त्यात वाटेत चिमणी आली तर विचारायलाच नको. दोन कातळांच्या फटीत शिरून पाठ एका भिंतीला आणि पाय समोरच्या भिंतीला रेटत वर सरकायचे, हा प्रकार खालून पाहणाऱ्याला शौर्याचा वाटतो, पण वर जाणारा माणूस प्रत्यक्षात आपले वस्त्र एका खडबडीत भिंतीवर पद्धतशीरपणे घासत असतो. दुसरी जागा गुडघा. शिकवणारे सर बजावून सांगतात की कातळावर गुडघा टेकवायचा नाही, पाऊल टेकवायचे. हा नियम सर खाली उभे असेपर्यंत पाळला जातो. तिसरी जागा आसनाची शिवण, म्हणजे जिथे दोन्ही पाय एकमेकांना भेटतात ती. पाऊल छातीच्या उंचीवरच्या खोबणीत ठेवून अंगाचा सारा भार त्यावर घ्यायचा असतो, आणि नेमक्या त्या क्षणी, दरी शांत असताना, "टर्र" असा आवाज होतो. प्रतिध्वनीसाठी सातपुडा आणि सातमाळा दोन्ही उत्तम आहेत.

मी नवी पँट घेणार हे घरात कळल्यावर सर्वांत आधी जीन्सची शिफारस झाली, कारण जीन्स मजबूत असते हा समज आमच्याकडे हवामानखात्याच्या अंदाजापेक्षा दृढ आहे. समज अगदीच निराधार नाही. अमेरिकेतल्या नेवाडातील रेनो गावी जेकब डेव्हिस नावाचा एक शिंपी मजुरांच्या पँटींच्या खिशांना तांब्याच्या रिव्हेटा, म्हणजे चपट्या डोक्याच्या खिळ्या, ठोकून देत असे. त्याने कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांना भागीदार करून घेतले आणि 20 मे 1873 रोजी त्या युक्तीचे पेटंट मिळाले. पण त्या मजुरांचे खिसे फाटत होते, कारण ते खिशांत जड वस्तू कोंबत. आमचे खिसे हार्नेसखाली दबलेले असल्याने शाबूत राहतात आणि बाकीचे सर्व फाटते. जुन्या जीन्सला आसनाच्या टोकाशीही एक रिव्हेट असे, ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेली. शेकोटीजवळ उकिडवे बसणाऱ्यांना ती तापून भलत्या जागी चटका देई, अशी दंतकथा आहे. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, त्या चटक्यासाठी शेकोटी पेटवण्याचे कष्टही पडले नसते. रिव्हेट गेली तरी जीन्सचे जाड सुती कापड राहिलेच. ते घामाने भिजले की मांडीला चिकटते, लवकर वाळत नाही आणि उंच पाऊल टाकायच्या वेळी गुडघ्याला सांगते की आज नको, उद्या पाहू.

दुसरी शिफारस ट्रॅकपँटची, ती भाच्याने केली. ट्रॅकपँट ताणते, हलकी असते, स्वस्तही असते. पण तिचे कापड विणकामाच्या टाक्यांचे, म्हणजे फासात फास गुंतवून केलेले असते, आणि पावसाळा सरल्यानंतरच्या सातपुड्यात अशा कापडाला एकच शत्रू पुरेसा असतो, तो म्हणजे कुसळ. गवताचे हे बी निसर्गाने जमिनीत स्वतःला पिळून घुसवण्यासाठी बनवले आहे, परंतु जमीन आणि पोटरी यांत ते भेदभाव करत नाही. घट्ट विणीच्या गुळगुळीत कापडावरून ते बरेचसे घसरते. ट्रॅकपँटमध्ये मात्र ते बाहेरून शिरते, आतून बाहेर डोकावते आणि धुलाईयंत्रातून फिरून आल्यावर शेजारच्या बनियनात मुक्काम हलवते. हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, या विषयावर एकच वाक्य उच्चारले: "अहो, एक तर ती पँट घरात राहील, नाही तर मी." पँट गेली.

तेव्हा बाजारात जाणे आले. जळगावातल्या एका मोठ्या दुकानात "ट्रेकिंग पँट" अशी पाटी लावलेला एक स्वतंत्र कोपरा आहे आणि तिथला विक्रेता अत्यंत आदबशीर आहे. मी आंतरजालावर बराच अभ्यास करून गेलो होतो, म्हणून गंभीर चेहऱ्याने विचारले, "भाऊ, हे कापड किती जीएसएमचे आहे?" त्याने पट्टी उलटून पाहिली आणि तितक्याच गंभीरपणे सांगितले, "अठराशे, पण तुम्हाला कमी करून देऊ." एक चौरस मीटर कापडाचे वजन ग्रॅममध्ये सांगणारे ते माप अठराशे निघाले असते, तर ती पँट दोघांनी उचलून आणावी लागली असती. मग मी झीज सोसण्याविषयी विचारले. कापड ठरावीक दाबाखाली पुन्हा पुन्हा घासून ते किती फेऱ्यांनंतर तुटते हे मोजणारी मार्टिनडेल नावाची चाचणी असते, हेही मी त्याला समजावून सांगितले. त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाला, "रंगाची पूर्ण गॅरंटी आहे, साहेब."

त्या कोपऱ्यातल्या पँटी पाहण्यासारख्या होत्या. एकीला गुडघ्यापाशी गोल चेन होती, जी उघडली की पँटची चड्डी होते. म्हणजे कातळावर जो भाग सर्वाधिक टेकतो तिथेच धातूचे दात बसवण्याची ही दूरदृष्टी. एकीला मांडीवर एवढे खिसे होते की हार्नेसचे पायपट्टे कुठे बांधायचे याची पंचाईत व्हावी. एक मात्र नायलॉनची होती आणि तिच्यात थोडे स्पँडेक्स होते. जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने 1958 साली ड्यूपॉन्टमध्ये हा ताणणारा धागा सिद्ध केला आणि जगातल्या असंख्य पोटांची सोय झाली. असा धागा थोडा असावा, फार नसावा, कारण ताणणे हे त्याचे काम आहे, घासणे सोसणे हे नायलॉनचे. त्या पँटवर बारीक चौकटी दिसत होत्या, म्हणजे ती रिपस्टॉप विणीची होती. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे घातलेले असतात, त्यामुळे पडलेले भोक पुढे फाटत जात नाही. मात्र भोक पडूच नये याची हमी ही वीण देत नाही; ते कापडाच्या जाडीवर आणि धाग्याच्या डेनियरवर ठरते, आणि डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. या ठिकाणी विक्रेत्याने मला पाणी दिले.

पँटची खरी परीक्षा उभे राहून होत नाही. म्हणून मी पडद्याआडच्या त्या चिंचोळ्या खोलीत ती घालून गुडघा छातीपर्यंत उचलला, मग उकिडवा बसलो, मग एक पाय भिंतीवर उंच टेकवून दुसऱ्यावर भार तोलू लागलो. पडदा अपुरा होता आणि बाहेर लग्नाचा बस्ता बांधायला आलेले एक कुटुंब होते. त्यातल्या एका वडीलधाऱ्या मावशींनी विक्रेत्याला हळूच विचारले, "त्यांना काही होतंय का?" पँट मांडीत आखडत होती, हे उत्तर मला द्यायचे होते, पण पाय भिंतीवर असताना अनोळखी बाईंशी बोलणे बरे दिसले नसते.

आखडण्याचे कारण आसनाची रचना. साध्या पँटीत चारही शिवणी एका बिंदूत येऊन मिळतात आणि पाय फाकला की सारा ताण त्या बिंदूवर येतो. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा एक जोडतुकडा घातला की ताण विभागला जातो आणि पाय मोकळा होतो. कॅलिफोर्नियातील गिर्यारोहक माइक ग्रॅहम यांनी 1982 साली ग्रामिची नावाने असा तुकडा घातलेल्या पँटी काढल्या आणि त्या कातळवीरांत गाजल्या. आमच्या आजोबांच्या पायजम्याला असाच तुकडा असे आणि त्या पायजम्यात ते बांधावर, बैलगाडीवर आणि प्रसंगी चिंचेच्या झाडावर विनातक्रार चढत, ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती अहिराणीत म्हणाली, "मंग आजलाना पायजमाच घाल ना भाऊ, डोंगर चढाले इतली महाग पाटलोन कशाले लागस?" या युक्तिवादाला नायलॉनवाल्यांकडे उत्तर नाही.

अखेर मी आमच्या गल्लीतल्या आप्पांकडे गेलो. आप्पांचे शिवणयंत्र जुने, चष्मा त्याहून जुना आणि मते सर्वांत जुनी. पोलिसांच्या गणवेशाचे कापड जिथे मिळते तिथून मी सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे तिरप्या विणीचे जाड खाकी कापड आणले होते: पॉलिस्टर झीज सोसतो, सुतामुळे अंगाला बरे वाटते, आणि रॅपलिंग करताना, म्हणजे दोरावरून खाली उतरताना, दोराच्या घर्षणाने तापलेले उपकरण मांडीला टेकले तर शुद्ध पातळ नायलॉनइतकी वितळण्याची भीती राहत नाही. आसनात जोडतुकडा, गुडघ्यावर आणि बैठकीवर दुहेरी कापड, शिवणी दुमडून दोनदा मारलेल्या, कमरेला हार्नेसखाली रुतणार नाही अशी सपाट नाडी, आणि घोट्यापाशी आवळ, म्हणजे खाली पाहताना पाऊल दिसावे. आप्पांनी सर्व ऐकले, बैठकीवरच्या ठिगळाची आकृती दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "फाटानं आधीच ठिगळ?" नवी पँट ठिगळासह दुकानाबाहेर गेली तर गाव काय म्हणेल, ही त्यांची चिंता मला पटवून दूर करता आली नाही; ती आगाऊ पैसे देऊन दूर करावी लागली. पँट हातात देताना मात्र ते अभिमानाने म्हणाले, "हाई पाटलोन तुमनापेक्षा जास्त टिकी, भाऊ." गिर्यारोहकाला याहून अपशकुनी हमी कोणी दिली नसेल.

पँट कातळावर उत्तम चालली. गैरसोय एवढीच की खाकी रंगामुळे कण्हेरगडाच्या पायथ्याशी गुराखी मला पाहताच गुरे वळवून पसार होऊ लागले, आणि एका म्हाताऱ्याबाबांनी तर मी काही विचारायच्या आत "ते लाकूड वाळलेलंच होतं, साहेब" असा जबाब दिला. रानखात्याचा माणूस नाही हे मी परोपरीने सांगितले. बैठकीवर ठिगळ दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसला.

पुढे रावेरकडच्या चुलतभावाने ती केळीच्या घडकापणीपुरती म्हणून नेली. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की त्याचे काळे डाग जन्मभर जात नाहीत, त्यामुळे ती आता त्याचीच झाली आहे, आणि बागेत वाकताना, घड खांद्यावर घेऊन सऱ्या ओलांडताना ती कुठेही आखडत नाही हे पाहून त्याच्या कापणीवाल्यांनी आप्पांकडे तसल्याच पँटींची मागणी नोंदवली आहे. मी दुसरी शिवायला टाकायला गेलो, तेव्हा आप्पा मान वर न करता म्हणाले की सध्या केळीवाल्यांचे काम हातात आहे, तुमचा नंबर दिवाळीनंतर.