बोटभर माशांचा ओटा

पाणी जड असतं, हे हंडे-गुंड भरणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. पुरुषांना सांगावं लागतं.

नागपूरच्या भाचीची बदली झाली आणि तिची चार फुटी माशांची पेटी गोधड्यांत गुंडाळून पिकअपमधून आमच्या गावात येऊन पडली. घरातल्या पुरुषांनी एकमतानं ठराव केला, टीव्हीच्या टेबलावर ठेवा. रिकामी पेटी उचलली होती ना त्यांनी! मी शाळेच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. 120 गुणिले 45 गुणिले 45 सेंटिमीटर, म्हणजे 243 लिटर. लिटरला किलो. 10 मिलिमीटर जाडीच्या काचेचे पन्नासेक किलो, तळाच्या गोट्यांचे तीसेक. आमचे मामंजी किलोला बधत नाहीत, म्हणून क्विंटलमध्ये सांगितलं. सव्वातीन क्विंटल. कापसाचा भाव क्विंटलवर लागतो, त्यामुळे ते चटकन सावरून बसले. "सव्वातीन? बैठकीत?" टीव्हीच्या टेबलाचा विषय तिथंच मिटला.

लाकडी स्टँड नको, कारण आमच्याकडे लाकूड उधईचं, म्हणजे वाळवीचं असतं, आपण फक्त त्याचे पैसे देतो. सागवानी कपाटाचं दार बाहेरून पॉलिशनं चमकत होतं आणि बोट लावलं तर आत माती निघाली, हे घरात ताजं आहे. लोखंडी स्टँडवर रोज पाणी सांडणार, तो गंजणार. राहिलं सिमेंट. आमचं गाव वणीच्या बाजूला. वर्धा नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्हा आणि तिकडे सिमेंटचे कारखाने. त्यामुळे आमच्या भागात ज्याला चहा करता येत नाही त्यालाही सिमेंटमधलं कळतं.

मिस्त्री आले. आजवर त्यांनी गव्हाणी बांधल्या, विहिरींच्या पाळी बांधल्या, अर्ध्या गावाची घरकुलं उभी केली.

"वरते काय ठेवतां वैनी?"

"मासे."

"केवढाले?"

"बोटाएवढे."

"मंग ओटा कायले? पाटी पुरते."

मी पाण्याचं वजन सांगितलं. मिस्त्री उठले, अंगणात जाऊन खर्रा थुंकून आले आणि म्हणाले, "असं आंधी सांगाले पाह्यजे होतं ना! आता असा बांधतो का वरते बैल उभा केला तरी हालनार नाई." बैल तरी अधूनमधून उठून चरायला जातो. पाणी चोवीस तास बसून असतं, हे मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर सळई आणखी जाड झाली असती.

पुढचा प्रश्न जमिनीचा. आमच्या बैठकीत फरशी, फरशीखाली मुरमाचा हात फिरवलेला, आणि त्याखाली काळी माती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते. श्रावणात आमची दारं लागत नाहीत आणि चैत्रात कड्या बसत नाहीत. एवढं वजन थेट तिच्या भरवशावर सोडायला मिस्त्री तयार होईनात. फरशी काढून कमरेएवढं खणायचं, मुरूम भरून धुम्मसानं ठोकायचा, मग भिंती उठवायच्या.

भर मे महिन्यात, दार लावून (ऊन आत येतं म्हणून), बैठकीत खड्डा. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोहोचली की मॅडमच्या घरी गुप्तधन निघालं. बाया साखर मागायला येऊ लागल्या आणि वाटी हातात धरून खड्ड्यातच बघू लागल्या. एका काकांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "हंडा तांब्याचा होता का पितळेचा?" मासे ठेवायचे आहेत म्हटलं तर ते असे हसले की माझा माझ्यावरच विश्वास उडाला.

माझं गणित तीन इंची स्लॅब आणि 8 मिलिमीटरची सळई असं होतं. मिस्त्रींनी पाच इंच केला आणि कुणाच्या तरी विहिरीच्या कामातली उरलेली 12 मिलिमीटरची सळई आणली. स्लॅबच सव्वादोन क्विंटलचा झाला. पण माणूस कामाचा पक्का. दोन भिंतींवर टेकलेला स्लॅब खालून ताणला जातो, म्हणून सळई खालच्या अंगाला हवी. ती फळीला चिकटून गंजू नये म्हणून उकिडवे बसून त्यांनी गिट्टीतले चपटे खडे निवडले, एकेक सळईखाली सरकवला, अंगठ्यानं दाबून पाहिला, डुगडुगला तो काढून फेकला. तेवढा वेळ ते कुणाशीही बोलले नाहीत. मालाला पाणी जास्त टाकणाऱ्या रेजाला मात्र ओरडले, "वरण करून रायली का?"

मग सुरू झालं पाणी मारणं. काँक्रीट वाळत नाही, पिकतं. पहिले सात दिवस तरी ते ओलं ठेवायचं, पुरती ताकद यायला 28 दिवस. बाहेर पारा 45 ला टेकलेला, नळ एक दिवसाआड. मी ओट्यावर बारदान पसरून सकाळ-दुपार-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालत होते आणि सासूबाई खाटेवरून बघत होत्या. "मानसाले प्यायले नाई अन् गोट्याले आंग धुवून रायली." दुपारी त्या ओल्या बारदानावर शेजारची कोंबडी येऊन बसायची. हाकलली की सासूबाईंचा तिलाच पाठिंबा. घरात कूलरसमोरही मिळत नव्हता असा गारवा होता तिथं, त्यामुळे कोंबडीचं चुकलं असं मलाही म्हणवेना.

फळ्या निघाल्या, गिलावा झाला, आणि खरं नाटक सुरू झालं. ओटा तिरपा दिसत होता.

सगळ्यांना दिसत होता. डावीकडे फरशीपासून उंची कमी, उजवीकडे बोटभर जास्त. माशांच्या पेटीला तिरपं चालत नाही. पाणी एका अंगाला चढतं, एका बाजूच्या सांध्यावर जोर जास्त येतो. मिस्त्रींनी पाणी भरलेली पारदर्शक नळी काढली, बुडबुडा टिचकी मारून वर घालवला, एक टोक इकडे, एक तिकडे. पाणी दोन्हीकडे ओट्याच्या काठाला बरोबर. परत लावली. बरोबर. मग त्यांनी तीच नळी भिंतीच्या पट्टीला लावली, खिडकीच्या चौकटीला लावली आणि माझ्याकडे बघून आवाज खाली आणला.

"वैनी, ओटा सिधा हाय. घर तिरपं हाय."

एवढ्या वर्षांत काळ्या मातीनं घर हळूहळू उंबऱ्याकडे कलवलं होतं आणि आम्हीही त्याच्याबरोबर कललो होतो, म्हणून कळलं नव्हतं. आवाज कितीही खाली आणला तरी सासूबाईंना ऐकू गेलाच. हे घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. त्यांनी मिस्त्रींचा चहा पुढे न करता तसाच आत नेला.

चहापेक्षा मिस्त्रींना थर्माकोल लागला. काचेखाली रेतीचा एक कण राहिला तरी तळ तडकू शकतो, म्हणून मध्ये थर्माकोलची शीट घालतात, हे मी सांगितलं. ते ओट्याकडे बघत राहिले. "पाच इंच स्लॅब, बारा एमेमची सळई, अन् त्याच्यावर थर्माकोल?"

पेटी चढवायला गल्लीतले चार जण बोलावले. खड्डा पाहायला मिळेल म्हणून आठ आले. आमच्या विहिरीचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. गोल्डफिशला थंडावा लागतो म्हणून ते मासे बाद. मॉलीला जड पाणी मानवतं आणि ऊनही त्यातल्या त्यात सोसतं, म्हणून मॉली ठरले. पेटी भरत आली तशी पाण्याची रेघ मागच्या भिंतीवरच्या रंगाच्या पट्ट्यापासून एका टोकाला सुटत गेली. आता नळीची गरज नव्हती, रस्त्यावरूनही दिसत होतं.

सासूबाई खाटेवरून उठल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या, आधी रेघ पाहिली, मग पट्टा.

"माह्या सासऱ्यानं बांधलेलं घर तिरपं नाई. पानीच तिरपं भरलं तुमी."

मिस्त्रींची मजुरीची शेवटची रक्कम अजून सासूबाईंच्या बटव्यात होती. ते म्हणाले, "हाव न् माय. नवं पानी हाय. बसंन हयूहयू."