आई त्या पानावर थांबायची

काल रात्री लाडक्या कादंबरीवरची मालिका लावली आणि तिसऱ्या भागात टीव्ही बंद केला. सकाळ झाली तरी डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय.

पुस्तकात मुलगी सासर कायमचं सोडून येते. बाप ओट्यावर बसलेला. तो काही विचारत नाही. शेजारची काठी उचलून पलीकडे ठेवतो, तिला बसायला जागा करतो. बस्स. आई आम्हाला ही कादंबरी मोठ्याने वाचून दाखवायची. इथवर आली की पानात बोट घालून पुस्तक मिटायची. मी विचारायचे, "पुढे?" ती म्हणायची, "थांब जरा."

मालिकेत? मुलगी दारातच भाषण ठोकते, मागे व्हायोलिन, बाप ढसाढसा रडतोय. त्यात पुस्तकात स्वतःची बोली बोलणारा हा बाप इथे बातम्या वाचल्यासारखं बोलतो! बोली उरलीय फक्त गड्याच्या तोंडी, लोकांनी हसावं म्हणून. एवढ्या माणसांत एकालाही खटकू नये? संताप येतो. ज्यांची गोष्ट घेतलीत त्यांचीच जीभ कापलीत.

मान्य, चारशे पानं जशीच्या तशी पडद्यावर येत नाहीत. कापावं लागतं, बदलावंही लागतं. पण बदलायला आधी पुस्तक अंगात मुरावं लागतं. बंगालीतली 'पथेर पांचाली' आठवा. विभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या कादंबरीत थोरली बहीण दुर्गा आगगाडी न बघताच हे जग सोडून जाते. आजारात धाकट्या भावाला, अपूला म्हणते, बरी झाले की मला गाडी दाखवशील ना? १९५५च्या सिनेमात सत्यजित राय दोघा भावंडांना काश गवताच्या तुऱ्यांमधून गाडीच्या दिशेने पळवतात. केवढा बदल! पण धावताना दुर्गा मागे पडते, गाडीजवळ पोचतो एकटा अपू. पुस्तकातली हुरहुर तशीच राहिली, फक्त दुसऱ्या प्रसंगात जाऊन बसली. हे सुचायला आईसारखं त्या पानात बोट घालून थांबावं लागतं. आमच्या मालिकावाल्यांना थांबायला वेळ कुठाय?

लिहिता लिहिता राहवलं नाही, तो प्रसंग आत्ता पुन्हा लावला. बापाचं काम करणारा नट चांगला आहे हो. त्याने पुस्तक वाचलंय, मी पैजेवर सांगते. मुलगी दारात येते तेव्हा क्षणभर त्याचा हात बाजूच्या काठीकडे जातो. अगदी अर्धाच. तेवढ्यात तिचं भाषण सुरू होतं, आणि तो हात मागे घेतो.