१३६० ग्रॅमचा ठेचा

नवऱ्याने स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरात काय काय होऊ शकतं, याच्या कहाण्या मी ऐकून होते. कुणाचे हे बोन्साय करायला लागतात, कुणाचे हास्यक्लबचे खजिनदार होतात. आमच्या ए विंगमधल्या एका वहिनींचे तर म्हणे पोळ्या लाटायला शिकले, पण त्या पोळ्यांबद्दल वहिनी फारसं बोलत नाहीत. आमच्या ह्यांनी लढाऊ रोबो करायला घेतला.

मला याचा सुगावा लागला तो भाजी चिरायच्या वेळी. पांढरा चॉपिंग बोर्ड जागेवर नव्हता. शोधत शोधत गॅलरीत गेले, तर हे हॅक्सॉ घेऊन त्याचे मधोमध दोन तुकडे करत होते.

"अगं, हे एचडीपीई आहे, चिवट प्लास्टिक," हे म्हणाले. "ॲक्रिलिक एका तडाख्यात तडकतं. हे वाकतं, दबतं, मार खातं आणि पुन्हा उभं राहतं. जगभर कितीतरी छोट्या रोबोंची अंगं याची करतात."

इतक्या वर्षांच्या संसारात एवढं कौतुक मी स्वतःबद्दलही ऐकलं नव्हतं. विळी काढली आणि मुकाट्याने भाजी चिरली.

रिमोटवरच्या रोबोंना एकमेकांशी झुंजवायच्या या खेळाचा उगम कळल्यावर मात्र मला राहवेना. मार्क थॉर्प नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांना १९९२ च्या सुमारास रिमोटवर चालणारा व्हॅक्यूम क्लीनर बनवायचा होता. तो जमला नाही. मग त्यांच्या डोक्यात आलं की याला हत्यारं लावून एकमेकांवर सोडलं तर? १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पहिली स्पर्धा झाली, चार वर्षांत बीबीसीने त्यावर मालिका काढली आणि पुढे हे लोण सगळीकडे पसरलं. थोडक्यात, मूळ संकल्प घर झाडण्याचा होता. एका पुरुषाला केर काढायचं यंत्र जमेना, म्हणून त्याने जगाला युद्ध दिलं. हे मी ह्यांना बोलून दाखवलं. "मुद्दा तो नाही," असं उत्तर मिळालं.

मग लॅमिंग्टन रोडच्या वाऱ्या सुरू झाल्या. मोटर, रिसीव्हर आणि मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ईएससी नावाच्या चिमुकल्या पाट्या तिथून आल्या. बेअरिंग आणि बेल्ट नागदेवी स्ट्रीटवरून. समोरच्याला मारायची फिरणारी डिस्क भांडुपच्या एका गाळ्यात हार्डॉक्स नावाच्या कडक पोलादाच्या जाड पत्र्यातून लेझरने कापून घेतली. तिला एकच दात होता. दोन का नाहीत, असं मी सहज विचारलं, तर रात्रीच्या जेवणाला व्याख्यान झालं. मोटर ११०० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टला मिनिटात ११०० फेरे. बॅटरी चार सेलची, १४.८ व्होल्टची. बेल्टवर वेग निम्मा केला तरी डिस्कचे मिनिटाला आठ हजार फेरे होतात. दहा सेंटिमीटरच्या डिस्कचा दात मग ताशी दीडशे किलोमीटरने फिरतो. एवढ्या वेगात दात जास्त असले तर एक दात जाऊन दुसरा येईपर्यंत समोरचा आत शिरतच नाही, नुसता खरवडला जातो. दात एक असला की घास मोठा मिळतो. "पण त्यासाठी आपण जोरात अंगावर जायला हवं. बिचकत गेलं की संपलं." हे सांगताना ह्यांनी आमटीची वाटी पानात न ओतता टेबलावर ओतली.

बॅटरी हा स्वतंत्र विषय आहे. लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीला भोक पडलं किंवा ती जास्त चार्ज झाली, तर फुगते, पांढरा धूर सोडते आणि पेटते. म्हणून चार्जिंग गॅलरीत, मातीच्या रिकाम्या कुंडीत, शेजारी वाळूची बादली ठेवून. ते संपेपर्यंत गॅलरीत कपडे वाळत घालायचे नाहीत. सासूबाईंना धुराचं कळल्यावर त्यांनी तुळस आपल्या खोलीत नेऊन ठेवली.

रोबोचं नाव ठेचा. तो चालवायला मी आले, ती अपघातानेच. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये डिस्क काढून सराव करायचे आणि ठेचा दर वेळी सेक्रेटरींच्या गाडीखाली जायचा. ह्यांचे अंगठे उत्साहाने थरथरतात. एकदा रिमोट माझ्या हातात दिला आणि मी दोन बादल्यांमधून इंग्रजी आठाचा आकडा काढून दाखवला. वॉचमनने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी माझा घात केला.

स्पर्धा अंधेरीच्या बाजूच्या एका कॉलेजात होती. मुलुंडहून लोकलने घाटकोपर आणि पुढे मेट्रो, असा बेत होता. मेट्रोच्या स्कॅनरमध्ये आमची बॅग थांबली.

"आत काय आहे?"

"ठेचा," हे म्हणाले.

शिपायाने स्क्रीनकडे पुन्हा एकदा पाहिलं. "ठेच्याला चाकं?"

त्या माणसाची काही चूक नव्हती. पोलादी दात असलेली चकती आणि वायर लावलेली बॅटरी एका बॅगेत असताना माझ्या जावयालाही मी आत सोडला नसता. आम्ही रिक्षा केली.

तिथे वजनाचा काटा बघून ह्यांचा चेहरा उतरला. आमचा वर्ग तीन पौंडांचा, बीटलवेट, म्हणजे १३६० ग्रॅम. ठेचा तेहेतीस ग्रॅम जास्त भरला. आजूबाजूची पोरं अशा वेळी काय करतात ते मी पाहत होते. कुणी बोल्टची टोकं कापत होतं, कुणी स्टिकर खरवडत होतं, एकाने तर रोबोच्या पोटात ड्रिलने भोकं पाडायला घेतली होती. ह्यांनीही ड्रिल उचललं. तेवढ्यात मागच्या बाजूला बॅटरीच्या पट्ट्याखाली काहीतरी पिवळं दिसलं. सासूबाईंनी रात्री गुपचूप लिंबू-मिरची बांधली होती. ती काढली आणि ठेचा वजनात बसला.

पुढची तपासणी सुरक्षेची. अरेनाबाहेर, म्हणजे झुंजीच्या रिंगणाबाहेर, डिस्कला अडसराची पिन हवी, आणि रिमोट बंद केला की यंत्र जागच्या जागी गप्प झालं पाहिजे. हा दुसरा नियम मला फार आवडला.

पहिल्या लढतीत समोर एक उतरत्या पत्र्याचा रोबो होता. डिस्क नाही, हातोडा नाही, समोरच्याच्या पोटाखाली शिरायचं आणि भिंतीवर नेऊन आदळायचं, एवढंच त्याचं काम. पॉलिकार्बोनेटचं दार लागलं, दिवे पेटले, डिस्क किंचाळायला लागली. मी झटक्यात डावीकडे वळवलं, तर ठेच्याचं एक चाक वरच उचललं गेलं. उभी डिस्क वेगात फिरत असताना पटकन वळलं की ती वळायला विरोध करते आणि सगळं धूड कलतं. हे मला जेवताना सांगितलं गेलं होतं, पण तेव्हा माझं लक्ष आमटी पुसण्याकडे होतं. त्याच क्षणी पत्रा खाली घुसला आणि तव्यावरचं धिरडं उलथावं तसा ठेचा उलथला.

आमची चाकं अंगापेक्षा मोठी, त्यामुळे उताणा पडूनही ठेचा चालतो. फक्त वळणं तीच राहतात आणि पुढे म्हटलं की मागे जातो, मागे म्हटलं की पुढे. शेजारी हे डोकं धरून ओरडत होते, "आता कसं होणार!" मला काहीच अवघड वाटलं नाही. सांगितल्याच्या बरोब्बर उलटं करणाऱ्याला हवं तिथे न्यायचा माझा अनुभव दांडगा आहे. मी तो उलटाच पळवला, पत्रेवाला आवेशात मागून आला आणि भिंत व फरशीच्या फटीत आपलं नाक अडकवून बसला. दहा आकडे मोजले गेले. आम्ही जिंकलो!

दुसरी लढत थोडक्यात सांगते, कारण ती थोडक्यातच झाली. समोर आडवी पट्टी फिरवणारा होता. मी बिचकत बिचकत पुढे गेले, आमच्या दाताने त्याला जरासं खरवडलं आणि त्याच्या पट्टीने आमचं डावं चाक उडवलं. उरलेल्या एका चाकावर ठेचा स्वतःभोवती प्रदक्षिणा घालत राहिला. प्रदक्षिणेला नियमात चालणं म्हणत नाहीत.

पण दोनदा हरल्याशिवाय स्पर्धेतून बाहेर काढत नाहीत. आणि मग जे झालं त्याने मी थक्क झाले. ज्या मुलाने चाक उडवलं, तोच आपलं जास्तीचं चाक घेऊन आमच्या टेबलाशी आला. "काकू, तीन मिलीचा शाफ्ट आहे ना? हे बसेल." बसलं. दुसऱ्या कुणी लॉकटाइट नावाचा निळा गोंद दिला, हादऱ्यांनी स्क्रू सुटू नयेत म्हणून. तिसऱ्याने अर्धा वडापाव. आमच्या सोसायटीत शिडी मागितली तर आधी मीटिंग घेतात.

तिसऱ्या लढतीत दोन मुली होत्या. त्यांच्या रोबोला पुढे फिरणारा जाडजूड ड्रम. मुली एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या, हसत नव्हत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. हे माझ्या कानाशी कुजबुजले, "सेकंदाला दोन मीटर गेलीस तर दात दीड सेंटिमीटर आत शिरेल."

मी रिमोटची काडी पूर्ण पुढे ढकलली.

काय आवाज झाला तो! त्यांचा पुढचा पत्रा सुटून वर छताला आपटला. सगळं हॉल उभं राहिलं. मी काहीतरी ओरडले. काय ओरडले ते सासूबाईंना कळू द्यायचं नाही, असं ह्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे. पण मार जेवढा देतो तेवढाच आपल्यालाही बसतो. ठेचाही हवेत गेला, पायावर नीट खाली आला आणि थांबला. त्याच्यावरचा दिवा विझला होता. मी काड्या पुढे केल्या, मागे केल्या, रिमोट उलटा धरला. पंच मोजत होते. हे काचेला नाक लावून "ऊठ, ऊठ" म्हणत होते. इतक्या मायेने ह्यांनी मुलांनाही कधी उठवलं नाही.

उघडून पाहिलं तर दात शाबूत, मोटर शाबूत, चॉपिंग बोर्डावर साधा चरा नाही. बॅटरीच्या तारेचा सोल्डरिंगचा एक टाका सुटला होता. घरी फोन केला. सासूबाईंनी टाका वगैरे काही ऐकून घेतलं नाही. "लिंबू काढलंत ना?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

आवराआवर करताना त्या दोन मुली आल्या. आता हसत होत्या. "काकू, आमच्याकडे बिल्ड चांगलं आहे, पण असं थेट अंगावर जाणारं कुणी नाही. पुढच्या स्पर्धेत आमचा चालवाल?" मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे सोल्डरिंग गनची वायर गुंडाळण्यात फारच गुंतले होते. मी मुलींना नंबर दिला.

रिक्षा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडच्या सिग्नलपर्यंत आली तरी हे गप्प. मग बाहेर बघतच म्हणाले, "त्यांचा ड्रम सहा सेलवर चालतो का गं?"

"विचारलं नाही," मी म्हटलं. "आणि विचारलं असतं तरी आता तुम्हाला कसं सांगू?"