साउथॉलची पाटी आणि बेळगावचा उतारा

लंडनमधल्या साउथॉल स्टेशनवर उतरलं की नावाच्या पाटीवर इंग्रजीखाली गुरुमुखी दिसते. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, तरी दर खेपेला बरं वाटतं. का, ते बेळगावच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सोबत माझा गोकाकचा मित्र असतो. तो घरी कन्नड बोलतो, मी मराठी; भांडताना दोघांनाही दोन्ही लागतात. लंडनच्या या पंजाबी पेठेत आमची खरेदी ठरलेली: कढीपत्ता, शेंगदाणे आणि जोंधळ्याचं पीठ. पाकिटावर इंग्रजी अक्षरांत गुजराती वळणाचं 'जुवार'. मी जोंधळा म्हणतो, तो जोळ. माझी भाकरी, त्याची रोट्टी. तो चिमूटभर पीठ सांडलेलं दिसलं की बोटांत चोळून बघतो आणि म्हणतो, "विरी गेलीय रे याची, थापताना चिरणार बघ." घेतो मात्र तेच. दुकानदाराने कुठले विचारलं तर दोघंही 'इंडिया' म्हणून मोकळे होतो. बेळगाव म्हटलं की ते कुठल्या राज्यात, हा प्रश्न येतो, आणि तिथे आमचा सूर बदलतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ बसमध्ये मराठी-कन्नडवरून कंडक्टरला मारहाण झाली. तिकडे चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं. दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. त्याच महिन्यात इथे व्हाइटचॅपल स्टेशनवरच्या बंगाली पाटीवरून एका खासदाराने आवाज उठवला, लंडनमध्ये फक्त इंग्रजी हवी म्हणून. मित्र हसून म्हणाला, "घे, इथंबी आलं आपलं बेळगाव."

पुण्याकडचे ओळखीचे मला ऐकवतात: लंडनला गेलास तर इंग्रजी शिकलासच ना, मग कर्नाटकात राहून कन्नड शिकायला काय झालं? ऐकायला बिनतोड आहे. पण मी इथे व्हिसा काढून, विमानात बसून आलो. आमचे आजोबा बेळगावच्या शहापुरातून कुठेच गेले नव्हते. १९५६ मध्ये घर जागेवर राहिलं आणि मुंबई राज्य जाऊन म्हैसूर राज्य आलं. आलेल्या माणसाला लावायचा नियम न हललेल्या माणसाला लावणं मला पटत नाही. आणि आलेल्यांनाही इथे काही फुकट मिळालेलं नाही. याच साउथॉलमध्ये १९७६ साली गुरदीपसिंग चग्गर या १८ वर्षांच्या मुलाचा भररस्त्यात खून झाला. १९७९ मध्ये बाहेरून आलेल्यांच्या विरोधातल्या नॅशनल फ्रंट या पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक जिवाला मुकला. जिलेब्या तळताना बघत उभे राहणाऱ्या पाहुण्यांना हे कुणी सांगत नाही.

सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मागणीचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर मराठीत कागद द्यायला सीमा हलवावी लागत नाही. जिथे एखाद्या भाषेचे १५ टक्के लोक आहेत तिथे महत्त्वाचे सरकारी नियम आणि सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांसाठीचं सूत्र जुनंच आहे. ते पाळायचं सोडून दुकानाच्या पाटीवर नियमाप्रमाणे ६० टक्के कन्नड आहे का, हे मोजण्याला जोर येतो. याचा मला राग आहे.

खरं, रागाच्या आड मी माझंही बरंच झाकलं. शाळेत कन्नड होतं. मी ते पास होण्यापुरतं केलं, आणि न येण्यात एक ऐट होती. गल्लीत कुणी अस्खलित कन्नड बोलला की आम्ही त्याला 'पलीकडचा' म्हणायचो. कन्नड शिकलो असतो तर मराठीचा हक्क कमी झाला नसता, हे मला तिशी उलटल्यावर, तेही परमुलखात कळलं.

मागच्या महिन्यात आम्ही साउथॉलच्या ब्रॉडवे रस्त्यावर कागदात गरम जिलेबी घेऊन उभे होतो, तेवढ्यात बाबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर शेताच्या उताऱ्याचा फोटो पाठवला. सगळा कन्नडमध्ये. खाली एवढंच लिहिलेलं: "बघ काय म्हणतोय." मी फोन गोकाककराच्या हातात दिला. त्याने पाकाची बोटं पँटला पुसली, फोटो मोठा केला आणि ओळीओळीने मला मराठीत सांगत गेला. क्षेत्र बरोबर होतं. मग तो थांबला.

"तुझ्या काकांचं नाव चुकीचं पडलंय. अर्ज करावा लागेल." आणि जरा वेळाने, "कन्नडमध्ये मी लिहून देतो की."